घराची परीक्षा

चवथीचा सण पंधरवड्यावर आला की आपल्या गोमंतकातील घरे झडझडून जागी होतात. भिंतींना चुन्याचा हात दिला जातो, माळ्यावरची तांब्याची भांडी खाली उतरतात, अंगणातील तण उपटले जाते आणि माटोळीची चौकट धुऊनपुसून ठेवली जाते. वर्षातून एकदा येणाऱ्या त्या थोर पाहुण्याची तयारी कशी करावी हे आपल्याकडे कोणास शिकवावे लागत नाही. परंतु आणखी एक पाहुणा आता साध्या घरांच्या उंबरठ्यावर येऊ लागला आहे. त्याच्या हाती मोजमापाची फीत असते, खांद्याला कागदांची पिशवी असते, आणि तो देवघरात न जाता सरळ मागच्या दारी जाऊन भिंतीची ओल पाहतो. हा बँकेने पाठविलेला मूल्यमापक होय. त्याच्या स्वागताची रीत मात्र आपणांस अजून नीट अवगत झालेली नाही.

हा विषय शाळेच्या वार्षिकांकात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, दहावीच्या वर्गातून बाहेर पडणारी आमची मुले तीनचार वर्षांत उच्च शिक्षणासाठी दूरदूरच्या शहरी जातात. त्यांच्या शिक्षणाचा खर्च पुष्कळ वेळा कर्ज काढून भागवावा लागतो, आणि त्या कर्जासाठी कित्येकदा राहते घर तारण द्यावे लागते. घराची किंमत किती ठरते यावर मुलाचे शिक्षण अवलंबून राहते. आमच्या स्वतःच्या घरावर अशी परीक्षा दोनदा ओढवली. पहिल्या खेपेस आम्ही अनुत्तीर्ण झालो, दुसऱ्या खेपेस उत्तीर्ण झालो. त्यातून जे शिकलो ते विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या कानी घालावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम मूल्यमापन म्हणजे काय ते पाहू. बँक कर्ज देते तेव्हा, ते न फिटल्यास तारणाच्या विक्रीतून आपले पैसे वसूल होतील काय, हा प्रश्न तिच्यापुढे असतो. त्याचे उत्तर काढण्यासाठी ती आपल्या यादीवरील एका तज्ज्ञास घर पाहावयास पाठविते. हा तज्ज्ञ बहुधा स्थापत्य अभियंता किंवा वास्तुशिल्पी असतो. तो आपल्या अहवालात सामान्यतः तीन आकडे देतो. बाजारात सावकाशीने विकल्यास जी किंमत येईल ती पहिली, प्रत्यक्षात हाती पडेल अशी दुसरी, आणि घाईगर्दीत विकावे लागल्यास जी येईल ती तिसरी. तिसरा आकडा अर्थातच सर्वांत लहान असतो, आणि सावध बँकेची नजर त्याच्यावरही असते.

हे आकडे येतात कोठून? आपल्याकडील स्वतंत्र घराच्या बाबतीत जमीन आणि इमारत यांचा हिशेब वेगवेगळा करण्याची पद्धत रूढ आहे. जमिनीचे क्षेत्रफळ गुणिले त्या परिसरातील दर, ही झाली जमिनीची किंमत. इमारतीसाठी, तेवढेच घर आज नव्याने बांधल्यास काय खर्च येईल तो काढतात आणि त्यातून घराच्या वयोमानाप्रमाणे घट वजा करतात. घट काढण्याचे नेहमीच्या वापरातील सूत्र सोपे आहे. घराच्या वयाला ९० ने गुणावे आणि घराच्या एकूण आयुष्याने भागावे. जे उत्तर येईल तितके टक्के घट. उरलेले १० टक्के हे मोडक्या घराच्या चिऱ्यालाकडाचे मोल म्हणून राखून ठेवतात.

आमच्याच घराचे उदाहरण घेऊ. फोंडा तालुक्यातील एका खेड्यात आमच्या वडिलांनी १९९३ साली जुने मातीचे घर उतरवून चिऱ्याच्या भिंतींचे, मंगळुरी कौलांचे घर बांधले. पंचायतीचा परवाना ११० चौरस मीटरांचा आहे. गणिताच्या सोयीसाठी नव्या बांधकामाचा दर चौरस मीटरला २०,००० रुपये धरू. म्हणजे असे घर आज बांधावयास २२ लाख रुपये लागतील. २०२३ साली घराचे वय ३० वर्षे झाले. मूल्यमापकाने घर पाहून ठरविले की हे आणखी ३० वर्षे टिकेल, तर एकूण आयुष्य ६० वर्षे, घट ४५ टक्के, आणि इमारतीची किंमत १२ लाख १० हजार रुपये. पण त्याच घराचे छप्पर सुके असेल, लाकूड निरोगी असेल आणि आणखी ४० वर्षे टिकेल असे त्याचे मत झाले, तर एकूण आयुष्य ७० वर्षे, घट सुमारे ३८.६ टक्के, आणि किंमत साडेतेरा लाखांच्या वर. फरक सुमारे १ लाख ४१ हजार रुपयांचा. भिंतीचा रंग, पडद्यांची निवड, दिवाणखान्यातील काचेचे कपाट यांना या सूत्रात कोठेच जागा नाही, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे.

हेच आम्हांस २०२१ साली ठाऊक नव्हते. त्या वर्षी आमच्या थोरल्या बंधूंनी दुकानासाठी थोडे कर्ज मागितले. मूल्यमापक येणार म्हणताच आम्ही ३०,००० रुपये खर्चून पुढच्या सोप्याला आणि ओसरीला गुळगुळीत रंग दिला. मागच्या खोलीच्या भिंतीला ओल होती, तिच्यासमोर लाकडी कपाट सरकवून ठेवले. एक खोली काकांच्या सामानाची. तिची किल्ली मुंबईस होती, म्हणून ती बंदच राहिली. मूल्यमापक आले, ओसरीवर क्षणभर टेकले आणि उठून घराच्या मागे गेले. कपाट जेथे ठेवले होते नेमके तेथेच बाहेरून भिंतीवर हिरवे शेवाळ चढलेले त्यांना दिसले. आत येऊन त्यांनी शांतपणे विचारले, “हे कपाट जरा पुढे ओढता का?” त्या वेळी आमच्या चेहऱ्यावरील रंग भिंतीवरच्या नव्या रंगाहून अधिक पांढरा झाला असावा.

अहवालात छप्पर गळके असल्याची आणि ओलीची नोंद आली, घराचे उर्वरित आयुष्य ३० वर्षे धरले गेले, एक खोली पाहावयास मिळाली नाही असे लिहिले गेले. याहूनही मोठी अडचण म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर अजून आजोबांचेच नाव होते. बँकेने कागद परत केले. दोष बँकेचा नव्हता आणि मूल्यमापकाचाही नव्हता. परीक्षेत जे विचारले जाणार ते सोडून आम्ही भलत्याच विषयाचा अभ्यास केला होता.

दोन वर्षांनी, २०२३ मध्ये, बंधूंची कन्या बारावी झाली. अभियांत्रिकीसाठी तिला गोव्याबाहेर जाण्याची इच्छा होती आणि चार वर्षांचा खर्च, वसतिगृह धरून, ११ लाखांच्या घरात जात होता. येथे एक गोष्ट सांगून ठेवितो. शैक्षणिक कर्जाच्या बँकांच्या प्रचलित आदर्श योजनेनुसार साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जास सामान्यतः घरदार तारण मागत नाहीत. त्यावरील कर्जास तारण लागते. शिवाय नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत, निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांस तारणावाचून व जामिनावाचून कर्ज मिळण्याची सोय झाली आहे. गोवा शिक्षण विकास महामंडळाकडेही चौकशी करावी. म्हणून घर तारण देण्यापूर्वी, ते देण्याची गरज खरोखरच आहे काय, हे आधी पाहावे. आमच्या वेळी ती गरज होती.

घरात बैठक बसली तेव्हा आमच्या मातोश्री बराच वेळ बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, “घर गेलें जाल्यार आमी वचप खंय?” प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाता येत नव्हते. आपल्याकडील दिवाणी कायद्याप्रमाणे पतिपत्नींची मालमत्ता सामान्यतः उभयतांची मानली जाते. त्यामुळे घराचा अर्धा वाटा त्यांचा होता आणि त्यांच्या सहीवाचून तारण होणे शक्य नव्हते. आम्ही त्यांस समजावून सांगितले ते असे. घराचे मूळ दस्तऐवज बँकेच्या स्वाधीन करावयाचे. घरात राहण्याचा आपला हक्क तसाच राहतो. शिक्षण पुरे होऊन साधारण एक वर्ष लोटेपर्यंत हप्ते सुरू होत नाहीत, व्याज मात्र त्या काळातही चढत असते. आणि कर्ज फिटले की दस्तऐवज परत मिळतात. पण हप्ते थकले, तर २००२ च्या कायद्याप्रमाणे बँक न्यायालयात दावा न लावताही तारणाचा ताबा घेऊ शकते, हेही आम्ही त्यांच्यापासून लपविले नाही. त्यांनी दोन दिवस विचार केला, नातीला जवळ बोलावून तिच्याशी बोलल्या, आणि मग सही करण्यास रुकार दिला. आमच्या मते घराच्या तयारीची खरी सुरुवात येथूनच होते. ज्यांचे घर आहे त्या सर्वांना सर्व काही ठाऊक असले पाहिजे.

आता प्रश्न पैशांचा. तयारीसाठी आमच्याजवळ अवघे २५,००० रुपये होते. ते कोठे लावावेत याचा आम्ही क्रम ठरविला. आधी ज्यास पैसा लागत नाही ते, मग कागद, मग पाणी, मग वीज आणि लाकूड, आणि काही उरलेच तर चुना.

कागदांचे काम वेळ फार घेते आणि पैसा कमी. म्हणून ते आम्ही पहिल्या अपयशानंतर लगेच, २०२१ मध्येच हाती घेतले होते. वारसांचा लेख पूर्वीच झालेला होता, परंतु मामलेदार कचेरीत फेरफाराचा अर्ज कोणी केला नव्हता. तो केल्यावर एक-चौदाच्या उताऱ्यावर आमची नावे चढली. गोव्यातील पालकांनी हा उतारा आजच काढून पाहावा. तो आता संगणकावरही पाहता येतो. त्यावरील नाव, क्षेत्रफळ आणि इतर हक्कांचा रकाना हे तिन्ही नीट वाचावे. त्याच्या जोडीला भूमापनाचा नकाशा, पंचायतीचा बांधकाम परवाना आणि घर वापरास योग्य असल्याचा दाखला, घरपट्टीच्या पावत्या, आणि उपनिबंधकाकडून जमिनीवर बोजा नसल्याचा दाखला, इतके कागद एका धारिकेत लावून ठेवावेत. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा, असा समज आपल्याकडे फार आहे; तो चुकीचा आहे. कित्येक जुन्या घरांना परवानाच नसतो. अशा वेळी भूमापनाच्या नकाशावर त्या जागी घराची आकृती दाखविलेली असणे हा मोठा आधार ठरतो.

जमीन कोणत्या विभागात येते हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. नगर व ग्रामनियोजन खात्याकडून विभागाचा दाखला मिळतो. वर सांगितलेला २००२ चा कायदा शेतजमिनीस लागू होत नाही. त्यामुळे घर जर शेती किंवा बागायतीच्या विभागात असेल तर बँक त्या तारणाकडे साशंक नजरेने पाहते. तसेच ज्यांचे घर भाटकाराच्या जमिनीत आहे अशा मुंडकार कुटुंबांनी, १९७५ च्या मुंडकार कायद्याखाली आपली नोंद झाली आहे काय आणि घर व भोवतालची जागा खरेदी करून घेण्याचा हक्क बजावला आहे काय, हे कर्जाच्या पुष्कळ आधी पाहावे. मालकी नावावर झाल्यावाचून कितीही नीटनेटके घर तारण म्हणून उभे राहात नाही.

पैशावाचून होणारी कामे मुलांनी केली. पुतणी आणि तिचा धाकटा भाऊ यांनी फीत घेऊन सारे घर मोजले आणि चौकटींच्या कागदावर आराखडा काढला. पहिल्या दिवशी त्यांचे क्षेत्रफळ परवान्याहून बरेच कमी भरले. कारण त्यांनी खोल्या आतून मोजल्या होत्या. जोत्याचे क्षेत्रफळ भिंतींची जाडी धरून बाहेरून मोजावयाचे असते, हे कळल्यावर आकडा बरोबर जुळला. भूमितीच्या तासाला जो विषय रूक्ष वाटतो तो येथे किती उपयोगी पडला! जमिनीच्या हद्दीचे दगड झुडपांत बुडाले होते. कोयता घेऊन ते मोकळे केले आणि प्रत्येकावर चुन्याची खूण केली. हद्द दिसली नाही तर ही जमीन नेमकी कोणती, हेच मूल्यमापकास ठरविता येत नाही. घरापर्यंतची वाट साफ केली. वाट शेजाऱ्याच्या जमिनीतून जात असल्यास तिच्याविषयी काही लेखी आधार आहे काय, हेही पाहून ठेवावे, कारण वाटेवाचून घराचे मोल उतरते. मुंबईच्या काकांना पत्र लिहून किल्ली आगाऊ मागवून घेतली.

मग पाण्याकडे वळलो. आपल्या प्रदेशात घराचा पहिला शत्रू पाऊस आणि दुसरा त्याच्या ओलीमागून येणारी वाळवी. प्रवेशाची धावपळ जूनजुलैत असते, म्हणजे मूल्यमापक नेमका भर पावसात येतो. छप्पर गळत असेल तर ते त्याच्या डोक्यावरच गळते. म्हणून शाकारणी मिरगापूर्वी, एप्रिल-मे महिन्यांतच उरकावी. आम्ही फुटकी ६० कौले बदलली आणि आढ्याच्या कौलांचे सांधे नव्याने भरले. यास मजुरीसह ७,२०० रुपये लागले. मागच्या भिंतीला ओल का येते याचा शोध घेता असे दिसले की, पागोळ्यांचे पाणी जोत्याशीच साठत होते. तेथे पन्हळ बसविली आणि पाणी दूर नेणारा चर खणून बांधून घेतला. खर्च ४,३०० रुपये. त्यानंतरच भिंतीचा सडलेला गिलावा खरवडून नवा दिला. त्यास ३,६०० रुपये पडले. हा क्रम उलटा केला असता तर गिलाव्याचे पैसे पहिल्याच पावसात वाहून गेले असते. चिरा हा सच्छिद्र दगड आहे, तो पाणी पितो. पाण्याची वाट बदलल्यावाचून वरचा लेप टिकत नाही.

वाळवी लागलेली एक दाराची चौकट आणि एका वाशाचे टोक सुताराने १,९०० रुपयांत नीट केले. उघड्या तारा झाकून, दोन जुन्या कळपाट्या बदलून, धक्का बसू नये म्हणून आपोआप वीज तोडणारी कळ बसविण्यास २,९०० रुपये झाले. कागदांचे दाखले, प्रमाणित प्रती व जाण्यायेण्याचे भाडे यांचे ३,२०० रुपये. उरलेल्यांतून ओल्या भिंतीस आणि ओसरीच्या कठड्यास ४ पिशव्या चुन्याचा हात, मजुरीविना, १,१०० रुपयांत आम्हीच दिला. एकूण खर्च २४,२०० रुपये, शिल्लक ८००. पूर्वी केवळ रंगावर उडविलेल्या रकमेहून हा सारा खर्च कमीच होता.

जून महिन्याच्या अखेरीस, पाऊस धो धो पडत असता, मूल्यमापक आले. या वेळी दुसरे गृहस्थ होते. घरातील सर्व दारे उघडी होती, दिवे लावलेले होते आणि धारिका ओसरीवरील मेजावर तयार होती. मागच्या भिंतीपाशी आम्हीच त्यांना आधी नेले. “येथे ओल होती, पाणी असे वळविले, गिलावा मे महिन्यात दिला,” असे सांगून गवंड्याच्या आणि सामानाच्या पावत्या दाखविल्या. भिंत हाताने चाचपून त्यांनी टिपण केले. मग आम्ही न विचारता आणखी एक गोष्ट सांगितली. स्वयंपाकघरामागील २० चौरस मीटरांची पडवी २००५ साली परवान्यावाचून बांधलेली आहे. बंधूंना हे सांगणे जिवावर आले होते, कारण वरच्याच दराने ते चार लाखांचे बांधकाम. परंतु परवान्याचा आराखडा हाती असता कोणताही मूल्यमापक ती पडवी ओळखणारच होता. आणि सांगूनसवरून वगळलेल्या चार लाखांपेक्षा, लपविताना सापडलेले चार लाख फार महाग पडतात हे आम्ही एकदा अनुभवले होते. त्यांनी पडवी हिशेबात धरली नाही. जाताना कोकमाचे सरबत मात्र आनंदाने घेतले. त्यापलीकडे त्यांना काही देऊ करणे हा त्यांचा आणि आपलाही अपमान होय. त्यांची फी बँकेने सांगितलेल्या रीतीने भरावी, एवढेच आपले काम.

अहवालात घराचे उर्वरित आयुष्य ४० वर्षे धरले गेले. छप्पर, निचरा, गिलावा आणि लाकूड यांवर मिळून १७,००० रुपये खर्चिले होते. त्यांनी घराच्या हिशेबात किती भर घातली याचे गणित विद्यार्थ्यांनी वरच्या सूत्रावरून पुन्हा करून पाहावे. तथापि एक इशारा दिला पाहिजे. अशी भर प्रत्येक घरी पडेलच असे नाही. एकूण किमतीत बहुधा मोठा वाटा जमिनीचा असतो, आणि गावच्या जमिनीचा दर आपल्या चुन्याने किंवा कौलांनी बदलत नाही. अपुरी तयारी असलेल्या घराची खरी किंमत कागदावर कमी उतरते. चांगली तयारी ती किंमत पुरी उतरविते, तिच्याहून अधिक काही नाही. अहवालात क्षेत्रफळ वा वर्ष चुकीचे लिहिले गेले असे दिसले, तर बँकेकडे लेखी अर्ज करून पुराव्यासह दुरुस्ती मागावी. आकड्यावर रुसून बसण्यात अर्थ नाही.

कर्ज मंजूर झाले. ऑगस्टमध्ये पुतणी शिक्षणासाठी गेली. जाण्याच्या आदल्या रात्री ती आजीजवळ बसली होती आणि बाहेर पाऊस कोसळत होता. मातोश्रींनी वर आढ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या की, यंदा मागच्या खोलीत भांडे ठेवावे लागले नाही. दस्तऐवज बँकेत गेले होते. पण कित्येक वर्षांनी ती खोली कोरडी होती. बँकेसाठी म्हणून जे केले ते, खरे पाहता, त्या घरात राहणाऱ्यांसाठीच झाले.

विद्यार्थ्यांनो, परीक्षेच्या आदल्या दिवशी वहीला नवे वेष्टन घालणारा विद्यार्थी तुम्ही पाहिला असेल. २०२१ साली आम्ही तसेच वागलो. तुम्हांस दिवाळीच्या सुट्टीत एक काम सांगावेसे वाटते. आपल्या घराचा आराखडा काढा, त्याचे क्षेत्रफळ मोजा, कौले कोठे फुटली आहेत आणि पाणी कोठे साठते ते टिपून ठेवा, आणि उताऱ्यावर कोणाचे नाव आहे ते वडीलधाऱ्यांस विचारा. यास पैसा लागत नाही. ज्या घराच्या आधाराने उद्या तुम्ही बाहेरच्या जगात पाऊल टाकणार, ते घर आज तुम्हांस पुरते ठाऊक असावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.